निरोप सांगणारे हिवराळे सर

हिवराळे सरांनी कुणाच्या घरी पाणी मागितलं की त्या घरातल्या बायका रडायला लागायच्या. यात मी तिखटमीठ लावत नाही. एकदा ते राजूरला एका ओळखीच्या घरी पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले. उन्हातून गेले होते, घसा कोरडा पडला होता. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, तांब्याभर पाणी द्या बरं. घरातल्या म्हातारीनं तांब्या उचलला, सरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिथंच फतकल मारून बसली. तिचा थोरला मुलगा पुण्याला कंपनीत होता. तिनं त्याचं नाव घेऊन हंबरडाच फोडला. शेजारपाजार गोळा झाला. सर बिचारे पत्रिका पुढं करून "अहो मावशी, लग्न आहे, लग्न," म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण. शेवटी पुण्याच्या मुलाला फोन लावून त्याचा आवाज ऐकवला तेव्हा ती शांत झाली. मग तिनं सरांना जी लाखोली वाहिली, ती सर स्वतःच पुढं कितीतरी दिवस आम्हाला हातवारे करून म्हणून दाखवायचे.

सर गेले त्याची बातमी मला त्यांच्या बायकोनं फोनवर सांगितली. "मॅडम, सर गेले. झोपेतच," एवढंच म्हणाल्या. कशा आहात नाही, बसलाय का नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाच्या बातम्या इतक्या जपून, इतक्या वळणानं सांगणाऱ्या माणसाची बातमी अशी एका दमात आली. आमच्या बाकीच्या जुन्या सहकाऱ्यांना ते फार लागलं. मला नाही लागलं. का, ते समजायला सर माहीत असायला हवेत, आणि त्यांची मुलगी मितूही.

टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. घरंही शेजारी, मध्ये फक्त कंबरेएवढी भिंत. उंच, हडकुळे, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर. दर वाक्यामागं "बराबर?" म्हणून विचारायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव 'बराबर सर' पाडलं होतं. कुठलीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दूध उतू का जातं हे मला भिंतीवरून समजावून सांगताना त्यांच्या घरचं दूध उतू गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. आतून सुमनवहिनी ओरडायच्या की विज्ञान पुरे, आधी गॅस बंद करा. वहिनी अंगणवाडी चालवायच्या. त्यांना समजावणं-बिमजावणं ठाऊक नव्हतं, एकदा सांगायच्या आणि पोरं ऐकायची.

निरोपाचं काम सरांच्या गळ्यात पडलं ते शाळेमुळं. एखाद्या पोराच्या घरी कुणी दगावलं की ऑफिसात फोन यायचा आणि त्या पोराला वर्गातून उठवून घरी न्यायचं काम कुणीतरी करायला लागायचं. मुख्याध्यापकांना अशा वेळी हटकून काहीतरी महत्त्वाचं टपाल आठवायचं. मग हिवराळे सर जायचे. पुढं पुढं गावातली माणसंही यायला लागली. सर, तुम्ही चला, आमच्या मामाच्या घरी सांगायचंय. सर, जाफराबादला बहीण दिलीय, तिला आणायचंय. मराठ्यांच्या घरचं असो, मोमिनांच्या घरचं असो, सरांच्या स्वतःच्या बौद्धवाड्यातलं असो, सर उठायचे. सांगायचं बाईमाणसाला असलं तर मला भिंतीवरून हाक यायची, "मॅडम, चप्पल घाला." कुठं आणि कशाला हे मी कधी विचारलं नाही. त्यांचा आवाज तेवढा पुरे असे.

त्यांची रीत ठरलेली. दारात उभं राहून काही बोलायचं नाही. आत बसायचं, पाणी मागायचं, सावकाश प्यायचं. तेवढ्यात घरात कोण कोण आहे, चुलीवर काय आहे, कुणाच्या कडेवर तान्हं मूल आहे का, हे सगळं बघून घ्यायचं. मग काहीतरी निमित्त काढून ज्याला सांगायचं त्याला दोन घास खायला लावायचं, कारण एकदा बातमी कळली की मूठमाती होईपर्यंत त्याच्या पोटात काही जाणार नाही. आणि मग पायऱ्या. घरी सांगायचं की माणसाला बरं नाही. रस्त्यात सांगायचं की जास्त झालंय, काही खरं नाही. आणि गाव जवळ आलं, रडारड ऐकू यायच्या आत, गाडी बाजूला थांबवून हात हातात घेऊन शेवटचं सांगायचं. "माणसाला जिन्यावरून ढकलायचं न्हाई, मॅडम," ते म्हणायचे. "हात धरून एकेक पायरी उतरवायचं. खाली तर जायचंच आहे."

या पायऱ्यांत कधी कधी भलतंच व्हायचं. तीर्थपुरीच्या एका माणसाची थोरली बहीण आमच्या गावात वारली. सर त्याला आणायला गेले, मीही होते. पहिली पायरी सांगितली. तो माणूस असा काही हुशारीनं कामाला लागला की काय सांगावं. कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं ते त्यानं ठरवलं, दोघा-तिघांना फोन केले, आणि वाटेत जीप थांबवून बहिणीसाठी शहाळी आणि मोसंबी घेतली. सर त्याला थांबवू शकले नाहीत. थांबवलं असतं तर दुसरी पायरी गाळून तिसरी सांगावी लागली असती. ती फळांची पिशवी मग त्या बाईच्या उशाशी तशीच पडून राहिली. येताना मी सरांना म्हटलं की हे काही बरं दिसलं नाही. ते म्हणाले, तासभर तरी त्याला बहीण होती ना.

मलाही ते तेव्हा पटलं होतं. पूर्ण पटलं नव्हतं ते अर्चनाचं. ती दहावीला होती. बोर्डाच्या परीक्षेत मराठीच्या पेपरला बसली होती आणि इकडं तिची आई गेली. निरोप सरांकडं आला. सरांनी तिला पेपर पुरा करू दिला, बाहेर आल्यावर केळं खायला लावलं, आणि मग घरी नेलं. गावानं सरांचं कौतुक केलं, पोरीचं वर्ष वाचलं म्हणून. पुढं ती नर्स झाली, जालन्याला नोकरीला लागली. एका लग्नात आम्हाला भेटली. पाया पडली, मुलं दाखवली, आणि मग हसत हसतच म्हणाली, "सर, आई घरात पडली होती आन मी इकडं 'माझा आवडता ऋतू' लिहून राह्यले होते. सगळा निबंध मला अजून पाठ आहे." घराजवळ आल्यावर सर मला म्हणाले, पण पास झाली ना ती, बराबर? मी तशीच घरात निघून गेले, मला त्यांचा राग आला होता.

मितू त्यांची एकुलती एक. कागदावर संघमित्रा. बापासारखी उंच आणि आईसारखी फटकळ. बारावीनंतर तिनं विमान चालवायचं ठरवलं तेव्हा गावाला आधी वाटलं ती हवाई सुंदरी होणार. दोन वर्षं सर चहाच्या टपरीवर, बँकेत, एसटी स्टँडवर, जो भेटेल त्याला या दोहोंतला फरक समजावून सांगत होते. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि जालन्याबाहेरच्या धावपट्टीवर एका संस्थेत प्रशिक्षण सुरू झालं. तेव्हापासून सरांची मान कायम वर. अगदी उंचावरून, ढगांपलीकडून जाणारं मोठं विमान दिसलं तरी ते मला हाक मारून दाखवायचे. मी म्हणायची, सर, ते दुबईला चाललंय, तुमची मितू नाही त्यात. ते म्हणायचे, माहीत आहे हो, पण आज ना उद्या तसलंच चालवणार ना.

वहिनी वर बघत नसत. रोज संध्याकाळी मितूचा फोन यायचा, "उतरले गं," एवढंच सांगायला. तो आला की वहिनी देवळीतल्या बुद्धाच्या मूर्तीसमोरची मेणबत्ती लावायच्या आणि मग स्वयंपाकाला लागायच्या. फोन यायला उशीर झाला तर घरात जेवणालाही उशीर, आणि सरांनी भूक लागली म्हणायची सोय नाही.

पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून मितू दोन दिवस घरी आली होती, तेव्हा त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. पोरगी नुसती फुलली होती. सर तिला एकामागून एक प्रश्न विचारत होते आणि ती डाव्या हाताचा पंजा विमानासारखा धरून दाखवत होती. सगळ्यात अवघड काय, सरांनी विचारलं. ती म्हणाली, "उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं ना बाबा, तर मागं वळायचं न्हाई. मागं पट्टी दिसत असती, वाटतं आत्ता फिरून उतरू. पण तेवढी उंचीच नसती. वळलं की गेलं. समोर जे शेत दिसंल त्याच्यात नाक सरळ ठेवून उतरायचं." सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं. वहिनींनी मात्र वाढता वाढता पळी भाजीच्या पातेल्यात ठेवून दिली.

"हे बघा," त्या सरांना म्हणाल्या, "तुमच्या त्या पायऱ्या गावासाठी ठेवा. हिच्या बाबतीत मला एक पण पायरी नको. जे असंल ते तोंडावर सांगायचं. कबूल करा."

मितू खो खो हसली. आई, मी मेले तरी तू बाबांशी भांडशील, म्हणाली. सर म्हणाले, कबूल. वहिनींनी त्यांच्याकडून दुसऱ्यांदा वदवून घेतलं, माझ्यादेखत, आणि मग भाजी वाढली.

ते हिवाळ्याचे दिवस होते, कापसाची वेचणी चालली होती. सकाळी मी केस विंचरत होते तोच शेख सरांचा फोन आला. शेख सर आमच्याच शाळेत हिंदी शिकवायचे, निवृत्त झाल्यावर जालन्याला मुलाकडं राहायला गेले होते. म्हणाले, "मॅडम, अपनी मितू का जहाज गिर गया. उड़ते बराबर गिरा, पट्टी के बाहर खेत में. वो भी गई, सिखानेवाले साहब भी गए. हिवराळे को फोन लगाया था मैं. मुँह से बात नै निकली, तबीयत पूछके रख दिया. आप जाके बोलो."

आप जाके बोलो. मी किती घरी गेले होते सरांबरोबर, पण माझं काम बाईच्या पाठीवर हात ठेवायचं. बोलायचं काम त्यांचं होतं. भिंतीतल्या खिंडारातून रोज जायचे, त्या दिवशी रस्त्यानं वळसा घालून दारातून गेले. सर अंगणात सायकलची चेन साफ करत बसले होते. आतून वहिनी भाकरी थापत असल्याचा आवाज येत होता. मला बघून सर म्हणाले, आत्ता शेखचा फोन आल्ता, नुसती तब्येत विचारून ठेवून दिला, म्हातारा झाला वाटतं. मी ओट्यावर बसले. खरं सांगते, मला दुसरं काही सुचलं नव्हतं, खरोखरच घशाला कोरड पडली होती, आणि मी पाणी मागितलं.

ते रांजणापर्यंत गेले, तांब्या बुडवला आणि तसेच वाकलेले राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोण?"

मी पदर तोंडाला लावला.

"मितू?"

मी मान डोलावली. जिवंत आहे का, त्यांनी विचारलं. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी तांब्या माझ्यापुढं ठेवला. मग ते मोरीवर गेले आणि हाताला लागलेलं काळं वंगण साबणानं धुवायला लागले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. हात स्वच्छ झाले तरी धूतच होते. आतला भाकरीचा आवाज थांबत नव्हता. मला वाटलं आता हे आत जाणार आणि सांगणार, आणि मी उठून त्यांच्या मागं उभी राहिले, वहिनींना धरायला.

स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सर म्हणाले, "मितूला जरा लागलंय. विमान उतरताना. जालन्याला दवाखान्यात आहे, चल."

वहिनींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खरं सांगता ना, त्यांनी विचारलं. सर हो म्हणाले. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून त्यांनी गॅस बंद केला आणि पिशवी भरायला घेतली. दोन गाऊन, टॉवेल, कंगवा, खोबरेल तेलाची बाटली. दवाखान्यात पोरीच्या केसांचा गुंता होतो म्हणाल्या. ज्या माणसानं शत्रूलासुद्धा दोन घास खायला घातल्याशिवाय नेलं नाही, तो स्वतःच्या बायकोला उपाशीपोटी घेऊन निघाला. मला वाटलं, दुःखानं विसरले.

विसरले नव्हते. जीप गावाबाहेर पडली तेव्हा वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "जेवून घे म्हणले न्हाईत मॅडम. म्हंजे तसं काही न्हाई." आणि खरंच त्यांचा चेहरा जरा सैलावला. पस्तीस वर्षं त्या माणसाची रीत त्यांनी पाहिली होती. त्यांना फसवायचं तर रीतच मोडायला हवी हे सरांना उमगलं होतं. पुढच्या सीटवर ते ताठ बसले होते. मला फक्त त्यांचं टाळकं आणि चष्म्याची दांडी दिसत होती.

वाटेत वहिनी बोलत राहिल्या. पाय मोडला असेल तर दोन महिने तरी घरी राहील, म्हणजे बरंच आहे. हात मोडला तर मात्र उजवा नको. ते खूळ आता पुरे, बीएड कर म्हणून सांगते. मी हो हो करत होते. दुसरी पायरी सांगायची वेळ आली आणि गेली. एकदा सरांनी घसा खाकरला, मागं वळले, वहिनींच्या मांडीवरची पिशवी पाहिली आणि पुन्हा पुढं बघायला लागले. मी त्यांच्या खांद्याला मागून बोट लावलं. त्यांनी खांदा आक्रसून घेतला. तेव्हा मी बोलायला हवं होतं की नव्हतं, याचा निवाडा ज्याला करायचा त्यानं करावा. ती बातमी माझी नव्हती.

राजूरला चौकात जीप अडकली. चतुर्थी होती, गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या माणसांनी रस्ता भरून गेला होता. ड्रायव्हर हॉर्न देऊन थकला आणि गप्प बसला. नारळ-हारांच्या दुकानातल्या एका माणसानं आम्हाला पाहिलं. सरांच्या ओळखीचा होता. हातातलं गिऱ्हाईक सोडून तो गर्दीतून आला, वहिनींच्या बाजूच्या काचेशी उभा राहिला, त्यानं हात जोडले. "लई वाईट झालं काकू," म्हणाला. "आत्ताच मोबाइलवर पाह्यलं. पोरगी जागीच गेली म्हणं."

लोकांना परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून सर उन्हातान्हात किती गावं हिंडले होते.

वहिनी ओरडल्या नाहीत. मांडीवरची पिशवी त्यांनी उचलून खाली पायाशी ठेवली. मग सरांच्या पाठीकडं बघत विचारलं, "तुम्हाला घरीच माहीत होतं?"

सर म्हणाले, "हो."

गर्दी सरली आणि आम्ही जालन्याला पोचलो. दवाखान्यातलं मी सांगणार नाही. तिथं सांगण्यासारखं काही नसतं. एवढंच सांगते की बाहेर बाकड्यावर बसून सर परभणीच्या आपल्या बहिणीला फोन करत होते, आणि म्हणत होते की मितूला जरा बरं न्हाई, तू निघ, आणि निघायच्या आधी काहीतरी खाऊन घे. वहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

पुढं जे महिने गेले ते शेजारणीनं पाहायला नको होते. पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, त्यानंतरही भेटायला येणारी माणसं संपेनात. येणारा विचारायचाच, कसं झालं हो? आणि सर समजावून सांगायचे. डावा पंजा विमानासारखा धरायचे. उडालं, इथं इंजिन बंद पडलं. लोक म्हणतात मागं का वळले न्हाईत. वळायचं नसतं. तेवढी उंचीच नसती. सरळ समोरच्या शेतात उतरायचं, तसंच उतरले ते, पण बांध आडवा आला. बराबर? डोळ्यांत टिपूस नाही, आवाज वर्गातला. दिवसातून चार वेळा, पाच वेळा, पंजा तोच, शब्द तेच. तो पंजा वर आला की वहिनी उठून आत जायच्या. ऐकणारे म्हणायचे, सरांनी किती धीरानं घेतलं. मला ते बघवत नसे, मी भिंतीच्या अलीकडे राहायला लागले.

घरात दोघंच उरल्यावर एका दुपारी मी डबा द्यायला गेले होते. कुणी नव्हतं, तरी सर मलाच पुन्हा समजावून सांगायला लागले. वळायचं नसतं, इथपर्यंत आले असतील. वहिनी आतून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ती वळली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही वळलात."

सरांचा पंजा हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाही काही समजावून सांगितलं नाही. माणसं येऊन बसायची, उठून जायची. निरोप घेऊन जायला कुणी बोलवायला आलं तर मान हलवून नाही म्हणायचे. वहिनी त्यांचं ताट वाढायच्या, औषध द्यायच्या, त्यांच्या अंगावर शाल टाकायच्या, काही कमी करायच्या नाहीत. पण संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली की मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा असायची.

पाडवा होऊन गेल्यावर माझ्या मुलानं मला नाशिकला न्यायचं ठरवलं. माझं सामान बांधायचं चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मागच्या गल्लीत रुक्मिणबाई राहायच्या, भाजी विकायच्या. त्यांचा नवरा जालन्याला एका कारखान्यावर वॉचमन होता. सकाळी कामावरच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. रुक्मिणबाईंचा दीर धावत सरांकडं आला. आमच्या वहिनीला अजून सांगितलं न्हाई सर, तुम्हीच चला, म्हणाला. सर म्हणाले, "मला जमत न्हाई आता. फोन कर तिला." तो हललाच नाही. मागच्याच गल्लीतल्या माणसाला फोन कसा करायचा, म्हणाला.

सुमनवहिनी हात पुसत बाहेर आल्या. काय झालं ते त्यांनी विचारलं, ऐकून घेतलं, आणि चपला घातल्या. मला भिंतीवरून म्हणाल्या, येता का. आम्ही दोघी निघालो. थोडं पुढं गेल्यावर मी मागं पाहिलं तर सर येत होते, अनवाणी, आमच्यापासून बरंच अंतर ठेवून.

रुक्मिणबाई दारातच कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यासमोर मातीतच बसल्या. त्यांच्या हातातली जुडी बाजूला ठेवली आणि हात धरला.

"रुक्मिण, तुझा मालक गेला," वहिनी म्हणाल्या. "आज सकाळी, कामावर. हार्ट अटॅक आल्ता."

रुक्मिणबाईंनी विचारलं, डबा खाल्ला होता का त्यांनी?

"ते मला माहीत न्हाई गं," वहिनी म्हणाल्या. "माहीत असतं तर सांगितलं असतं."

आणि मग रुक्मिणबाईंनी वहिनींच्या खांद्यावर डोकं टाकलं. रडल्या, फार रडल्या, पण कुणाला काही विचारायचं त्यांना बाकी राहिलं नव्हतं. बायका जमल्या. मी जागा करून द्यायला बाहेर आले, तर पलीकडच्या घराच्या भिंतीला टेकून सर खाली बसले होते. रडत होते. तोंडाला हात न लावता, लहान पोरासारखे मोठ्यानं रडत होते. इतक्या महिन्यांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांना तिथंच बसल्याजागी आतलं सगळं ऐकू गेलं होतं. आणि मला एकदम कळलं की या माणसाला हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. शेख सरांनी तब्येत विचारली, मी पाणी मागितलं, बाकीचं त्यांनी स्वतःच ओळखलं. त्यानंतर आलेली माणसं फक्त विचारत राहिली.

वहिनी बाहेर आल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची पर्वा न करता त्या सरांच्या शेजारी रस्त्यावर बसल्या, अगदी लागून. त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आपली मितू गेली."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचा चष्मा नाकावरून घसरून खाली पडला होता, तो कुणी उचलला नाही.

"हो," ते म्हणाले. "गेली."